21 दिवस

उत्पादन शुल्क अधीक्षक साहेब,

हे आठवे पत्र. नववे येणार नाही.

आधीच्या सात पत्रांच्या शेवटी 'नम्र विनंती' होती. या पत्रात ती शोधू नये.

आम्ही कोण, ते आपल्याला माहीत आहे. नोंदीसाठी पुन्हा लिहितो. कॉलेज रस्त्यावर खानावळी चालवणाऱ्या बायका. कॉट बेसिसवर खोल्या देणारे घरमालक. रात्रीच्या एसटीने उतरणारी पोरे खोलीवर पोचवणारे रिक्षावाले. दोन निवृत्त मास्तर, एक नर्स. आणि महिन्यातून एकदा लांबून येऊन मुलाची खोली बघून जाणारे पालक.

आमचे लेटरहेड नाही. अध्यक्ष नाही. त्यामुळे कुणा एकाला केबिनमध्ये बोलावून, चहा पाजून हे मिटणार नाही.

सात पत्रांच्या सात पोचपावत्या आमच्याकडे आहेत. पहिली दोन वर्षांपूर्वीची, कॉलेजे उघडली त्या आठवड्यातली. प्रत्येकीवर आपल्या कार्यालयाचा गोल शिक्का आहे. उत्तर एकाही पत्राला नाही.

लोकशाही दिनाला आलो. महिन्याचा पहिला सोमवार, जिल्हाधिकारी कार्यालय, टोकन, तीन तास. आपले प्रतिनिधी म्हणाले, "बघतो." पुढच्या महिन्यात पुन्हा आलो. प्रतिनिधी बदलले होते. शब्द तोच होता.

मग माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. एकच प्रश्न विचारला. वय न तपासता दारू विकली म्हणून या रस्त्यावरच्या परवानाधारकांवर किती कारवाया झाल्या? कायदा 30 दिवस देतो. ते गेले. अपील केले. अपिलानंतर उत्तर आले, दोन शब्दांचे. 'माहिती निरंक.'

निरंक. सरकारी मराठीतला हा शब्द आम्हाला पटला. सात पत्रे, दोन लोकशाही दिन आणि एक अपील त्यात नीट मावले.

आता आमचे ऐका.

पंधरा वर्षांपूर्वी या रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी होती. मग पॉलिटेक्निक आले. फार्मसी आली. इंजिनिअरिंग आले. त्यांच्या मागोमाग झेरॉक्सची दुकाने आली, वडापावच्या गाड्या आल्या, आमच्या खानावळी आल्या. आणि एक वाइन शॉप, दोन बियर शॉपी, एक परमिट रूम.

वाइन शॉपचे नवे परवाने राज्यात कित्येक वर्षे दिले जात नाहीत. म्हणजे हे दुकान कुठून तरी उचलून इथे आणले गेले. कुणीतरी विचार करून ही जागा निवडली. शाळा-कॉलेजपासून अंतराची अट असते. आपल्या माणसांनी टेप लावून ते अंतर मोजले. आम्ही तेव्हा बघत उभे होतो. टेप ताणून धरायला आमच्यातल्याच एकाने मदत केली.

अंतर मोजले. गिऱ्हाइकाचे वय मोजायचे राहिले.

आम्ही दारूबंदी मागत नाही. हे सातही पत्रांत लिहिले होते, आठव्यांदा लिहितो. वर्धा आणि गडचिरोलीची बंदी आम्हाला ठाऊक आहे. चंद्रपुरात 1 एप्रिल 2015 पासून बंदी लागली आणि 2021 मध्ये उठली, तेही ठाऊक आहे. त्या वादात आम्हाला पडायचे नाही. मोठी माणसे प्यायली तर ते त्यांचे आणि त्यांच्या यकृताचे.

आम्ही फक्त आपलाच कायदा आपल्याला वाचून दाखवतो आहोत. 1949 चा दारूबंदी अधिनियम. त्याखालचे नियम. बियर आणि वाइनला 21 वर्षे पूर्ण. व्हिस्की, रम, व्होडकाला 25. शिवाय पिणाऱ्याकडे परवाना हवा. एका दिवसाचा 5 रुपयांना, वर्षाचा 100 ला, आयुष्यभराचा 1,000 ला.

या अटी आम्ही घातलेल्या नाहीत. आपण घातल्या.

आता हिशोब करा. दहावीनंतर डिप्लोमाला आलेला मुलगा 16 वर्षांचा. बारावीनंतर इंजिनिअरिंगला आलेला 18 चा. तो पदवी घेऊन, कॉट सोडून, डिपॉझिट परत घेऊन जातो तेव्हा 22 चा. पंचविशीला तो इथे नसतोच. म्हणजे या रस्त्यावर जो विद्यार्थी क्वार्टर विकत घेतो, त्याला ती विकणे बेकायदा आहे. प्रत्येक वेळी. प्रत्येकाला. एखादा पीएच.डी.वाला सोडून द्या.

इतका सोपा गुन्हा पकडायला आपल्याला दोन वर्षे पुरली नाहीत.

गेल्या पावसाळ्यातली एक रात्र सांगतो. आधीच्या पत्रांत ती चार ओळींत होती. बहुधा म्हणूनच वाचली गेली नसावी.

खानावळीची भांडी घासून झाली होती. शनिवार होता. शनिवारी ताटे उरतात. जेवणाच्या वहीत कोण आले, कोण नाही, याच्या खुणा असतात. त्या रात्री एकाच खोलीतल्या पाच जणांपुढे फुली होती. चार दुसऱ्या वर्षाचे. एक नवा.

नवा 16 वर्षांचा. डिप्लोमा, पहिले वर्ष, घर सोडून तेरावा दिवस.

त्याला 'वेलकम' करायचे होते. सीनियरांनी त्याच्यासाठी क्वार्टर आणली नाही. त्यालाच आणायला पाठवले. तीच परीक्षा होती. तो गेला, काउंटरवर पैसे ठेवले, बाटली घेऊन परत आला. ओठावर मिसरूड फुटलेली नव्हती. काउंटरच्या आतल्या माणसाने त्याच्याकडे पाहिले असेलच. पाहिल्याशिवाय सुटे पैसे देता येत नाहीत.

क्वार्टर म्हणजे 180 मिली. लेबलवर 42.8 टक्के लिहिलेले असते. आमच्या नर्सबाईंनी वहीच्या मागच्या पानावर हिशोब करून दाखवला. साधारण 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. चांगल्या तब्येतीचे शरीर तासाला त्यातले सात ते दहा ग्रॅम जाळते. म्हणजे सहा ते साडेआठ तासांचे काम. त्या मुलाला ते दहा मिनिटांत, टाळ्यांच्या तालावर संपवायला लावले.

साडेअकराला दोन पोरे जिन्यावरून धावत खाली आली. "मावशी, लिंबू आहे का?"

लिंबू कशाला, हे विचारायची गरज पडली नाही.

वर तो जमिनीवर उताणा पडला होता. डोक्यावर पाणी ओतलेले. शर्ट ओला. ओठ काळसर. श्वास मध्येच थांबायचा, पुन्हा चालू व्हायचा. "झोपलाय, सकाळपर्यंत उतरेल," म्हणून दाराला बाहेरून कडी लावायच्या बेतात होते सगळे.

उतरत नसते, साहेब. पोटातली दारू रक्तात चढायला वेळ घेते. पोर झोपलेले दिसते आणि आत पारा चढतच असतो. उताण्या माणसाला वांती झाली तर ती श्वासनळीत जाते. लिंबाने, ताकाने, गार पाण्याने यातले काहीही थांबत नाही. नर्सबाईंनी त्याला कुशीवर वळवले, गुडघा दुमडला, हनुवटी वर केली, आणि त्याच क्षणी त्याला वांती झाली. फरशीवर झाली. घशात नाही.

कडी लागली असती तर हे पत्र वेगळ्या भाषेत लिहिले गेले असते.

रिक्षाने दवाखान्यात नेले. सकाळी तो शुद्धीवर आला. बाप दुपारच्या एसटीने पोचला. आमच्याकडे ताटावर बसला. भाकरी मोडली, खाल्ली नाही. जाताना पुढच्या महिन्याचे पैसे आगाऊ ठेवून गेला. म्हणाला, "मावशी, याच्याकडे बघा."

आम्ही बघतो आहोत. म्हणून हे पत्र आहे.

दुसऱ्या दिवशी खोली झाडताना एक कागद सापडला. बाटलीला गुंडाळून आलेला. एका दिवसाचा मद्यसेवन परवाना. हा कागद गिऱ्हाइकाच्या हातात सहसा पडत नाही. दुकानातच फाडला जातो, दुकानातच भरला जातो, बऱ्याचदा महिनाअखेरीला, एका बैठकीत, सुचतील ती नावे घालून. त्या दिवशी रद्दी संपली असावी.

त्यावर नावाची जागा कोरी आहे. सहीची जागा कोरी आहे.

तो कागद आमच्याकडे आहे. आपल्याला झेरॉक्स दिली होती, पाचव्या पत्राला जोडून. मूळ प्रत मागू नये. ती जिथे दाखवायची तिथेच दाखवू.

आपल्याकडून तोंडी जी उत्तरे आली, त्यांचाही निकाल लावू.

"मनुष्यबळ नाही." हे उत्तर जून 2025 पर्यंत चालत होते. त्या महिन्यात मंत्रिमंडळाने दारूवरचा कर वाढवला. वर्षाला 14 हजार कोटी जादा मिळतील, असे सरकारनेच सांगितले. त्याच निर्णयात आपल्या विभागाला 744 नवी आणि 479 पर्यवेक्षकीय, अशी 1,223 पदे मंजूर झाली. महसूल मोजायला माणसे मिळतात. त्यांतला एक माणूस शनिवारी संध्याकाळी सात ते दहा या रस्त्यावर उभा राहू शकतो. एकच पुरे.

"वय ओळखणार कसे?" त्याच मुलाच्या गळ्यात आयकार्ड नसेल तर कॉलेजचा वॉचमन त्याला आत सोडत नाही. मोबाइलचे सिम घ्यायचे तर ओळखपत्र लागते. आमच्या खोलीत राहायचे तर पोलीस पडताळणीचा फॉर्म भरावा लागतो, आणि तो भरला नाही तर गुन्हा आमच्यावर दाखल होतो. फक्त बाटलीच्या काउंटरवर सगळ्यांची नजर एकदम अधू होते.

"पालकांनी संस्कार करावेत." हे वाक्य आपल्या कार्यालयातल्या ज्या साहेबांनी उच्चारले, त्यांच्यासमोर तेव्हा तीन पालक उभे होते. त्यांनी उत्तर दिले नाही. ते शिष्टाचार होते. त्याला संमती समजू नये.

आमचेही हात पूर्ण स्वच्छ नव्हते. हे आम्हीच सांगतो, म्हणजे कुणी शोधून काढण्याचे श्रम वाचतील. आमच्यातले दोघे प्लास्टिकचे ग्लास, चखणा आणि बर्फ विकत होते. तीन घरमालक रिकाम्या बाटल्या भंगारात घालून वर दोन पैसे मिळवत होते आणि भाड्यात कुरकुर नको म्हणून डोळे मिटून बसत होते. गेल्या वर्षी देवळात बैठक झाली. शिव्या झाल्या. एक घरमालक उठून गेला, आठ दिवसांनी परत आला. ग्लास-चखणा बंद झाला. खोलीच्या करारात अट आली. प्रत्येक मजल्यावर नर्सबाईंचा नंबर लागला आणि कुशीवर कसे वळवायचे, याचे चित्र लागले.

यात एक भांडणही झाले, ते लपवत नाही. काहींचे म्हणणे होते, पिऊन आलेल्याला त्याच रात्री खोलीबाहेर काढा. आम्ही नाही म्हटले. बाहेर काढलेला पोरगा मोटारसायकलला किक मारतो. आणि हाकलले जाण्याच्या भीतीने त्याचे मित्र आम्हाला हाक मारत नाहीत, कडी लावतात. म्हणून नियम असा ठरला: मदतीला हाक मारणाऱ्यावर कारवाई नाही. आधी जीव, मग जाब.

आमच्या वाट्याचे आम्ही केले. एका बैठकीत केले. आपल्याला दोन वर्षे दिली.

कल्याणीनगर आपण विसरला नसाल. पुणे, 19 मे 2024. बारावीचा निकाल साजरा करून निघालेला 17 वर्षांचा मुलगा, पोर्शे गाडी, मोटारसायकलवरचे दोन तरुण इंजिनिअर. दोघेही गेले. आधी दोन ठिकाणी त्याला दारू मिळाली होती. नंतर रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. बाल न्याय मंडळाने जामिनाच्या अटीत 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला होता.

आम्हीही लिहितो आहोत. आमचे शब्द 300 च्या वर गेले.

त्या आठवड्यात पुण्यात पबना टाळी लागली. तपासण्या झाल्या. परवाने निलंबित झाले. म्हणजे हे सगळे करता येते. अधिकार आहेत, कलमे आहेत, लाख आहे, सील आहे. त्यासाठी आधी दोन माणसे मरावी लागली, एवढेच.

इथे तो आकडा पूर्ण होण्याची वाट आम्ही पाहणार नाही.

या पत्राची एक प्रत प्राचार्यांना जाते आहे. त्यांच्याशी थोडक्यात बोलतो. प्राचार्य महोदय, "कॉलेजच्या आवाराबाहेरचे आम्हाला सांगू नका," हे आपले उत्तर आम्ही दोनदा ऐकले. नव्या मुलाला जबरदस्तीने पाजणे हे 'वेलकम' नाही. ते रॅगिंग आहे. महाराष्ट्राचा कायदा 1999 चा आहे आणि आवाराबाहेरही तो लागू होतो. दोन वर्षांपर्यंत कैद, पाच वर्षे कुठल्याही संस्थेत प्रवेश नाही. तक्रार येऊनही संस्थाप्रमुखाने काही केले नाही तर त्यालाही गुन्ह्याला साथ दिल्याचे समजले जाते. तक्रार आली होती. तिची पोच आमच्याकडे आहे.

दुसरी प्रत पोलीस ठाण्याला. तिथे फार बोलायचे नाही. हमरस्त्यावरच्या धाब्यावर परवाना नसताना स्टीलच्या ग्लासातून काय दिले जाते, ते ठाण्याला आमच्याआधी माहीत आहे. दारूबंदी अधिनियमाचे कलम 68 धाबेवाल्यासाठी आणि 84 तिथे बसून पिणाऱ्यासाठी आहे. दोन्ही वापरात आहेत, असे आम्ही वर्तमानपत्रात दुसऱ्या तालुक्यांबद्दल वाचतो.

आता मुदत.

आजपासून 21 दिवस. आकडा मुद्दाम निवडला आहे. आपल्याच नियमातला आहे, लक्षात राहायला सोपा.

या 21 दिवसांत या रस्त्यावरच्या चारही परवानाधारकांनी वयाचा पुरावा पाहिल्याशिवाय बाटली द्यायची नाही. काउंटरवर तसा मराठी फलक लागेल, दोन बोटांएवढ्या अक्षरांत नव्हे, रस्त्यावरून वाचता येईल अशा. एका दिवसाचा परवाना गिऱ्हाइकासमोर, त्याच्या नावाने, ओळखपत्र बघून भरला जाईल. तिन्ही शनिवारी आपली तपासणी होईल आणि तिचा निकाल आपण लेखी कळवाल. नियम मोडलेला सापडेल त्याच्यावर कलम 54 खाली परवाना निलंबनाची कारवाई सुरू होईल. समज देऊन सोडणे नको. समज दोन वर्षे देऊन झाली, ती आम्ही आपल्याला देत होतो.

यात नवे काही नाही. पैसा लागत नाही. वर परवानगी मागावी लागत नाही.

22 व्या दिवशी काय होईल, तेही सांगतो. नंतर 'आधी कळवले नाही' असे होऊ नये.

काच फुटणार नाही. बाटली फुटणार नाही. कुणाच्या तोंडाला काळे फासले जाणार नाही. दुकान फोडायला दहा मिनिटे लागतात आणि मग दहा वर्षे खटले आपल्या बाजूने चालतात. राळेगणसिद्धीत एके काळी पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारले जाई, हे आमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी ऐकलेले आहे. आम्हाला पिणारे नकोत. आम्हाला विकणारा हवा.

22 व्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता वाइन शॉपसमोर दोन खुर्च्या ठेवल्या जातील. सार्वजनिक जागेत, वाट न अडवता. त्यांवर दोन बायका बसतील. त्यांच्याकडे एक वही असेल. ती जेवणाचीच वही आहे, नवी आणलेली. कुठल्या वेळी कोण आले, ओळखपत्र मागितले की नाही, एवढेच त्यात लिहिले जाईल. मुलांचे फोटो काढले जाणार नाहीत. नावे लिहिली जाणार नाहीत. त्या बायकांना नावे लिहायची गरजही नाही. या रस्त्यावरचे प्रत्येक पोर त्यांच्या हातचे जेवते. त्याला त्या नुसत्या विचारतील, "जेवलास का रे?"

बरीच पोरे तिथूनच मागे फिरतील. आम्ही आमच्या पोरांना ओळखतो.

दुकान बंद होईपर्यंत त्या बसतील. रोज. पाळ्या लावून झाल्या आहेत. दिवाळीपर्यंतच्या.

जे 18 खालच्याला विकेल, त्याच्याविरुद्ध बाल न्याय अधिनियम 2015, कलम 77. मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि एक लाखापर्यंत दंड. हे कलम आपल्या खात्याचे नाही, त्यामुळे आपल्या सवडीची वाट बघावी लागत नाही. ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी असतो. तक्रार त्याच्याकडे जाईल. घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे. तिथेही नाही तर दंडाधिकाऱ्यांपुढे. वकील ठरला आहे. तो इथेच शिकला, आमच्याच खानावळीत जेवला, आणि फी घेणार नाही. कोरा परवाना त्याच्या फायलीत पहिल्या पानावर आहे.

वाइन शॉपचा गाळा भाड्याचा आहे. करार अकरा महिन्यांचा. गाळ्याचा मालक आमच्या बैठकीत येतो. मघाशी सांगितलेला, उठून गेलेला आणि आठ दिवसांनी परत आलेला, तोच तो. नूतनीकरणाची तारीख त्याला पाठ आहे. आता आम्हालाही आहे.

आणि शेवटी ट्रंक.

देवळाच्या मागच्या खोलीत एक लोखंडी ट्रंक आहे. आत सह्या आहेत. 2008 चा आदेश आपल्याला माहीत असेलच. गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी अर्ज केला, सह्यांची पडताळणी झाली, की मतदान घ्यावे लागते. मतपत्रिकेवर दोन बाटल्या असतात. एक उभी, एक आडवी. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद. झालेल्या मतदानाच्या निम्म्या नव्हे, यादीतल्या निम्म्या. अट कडक आहे. कित्येक गावांत बायका तिथेच अडतात. लग्न होऊन गेलेल्या लेकींची नावे यादीत राहतात, मेलेल्यांची राहतात, कामाला बाहेर गेलेल्या येऊ शकत नाहीत, आणि गैरहजर प्रत्येक नाव उभ्या बाटलीच्या खात्यात जमा होते.

म्हणून आम्ही आधी यादी साफ केली. वर्षभर, नियमाने फॉर्म भरून. आपण पत्रांना उत्तर देत नव्हता तेव्हा आम्हाला तेवढाच वेळ मिळाला.

25 टक्क्यांचा आकडा मागच्या संक्रांतीला, हळदीकुंकवात पूर्ण झाला. त्या दिवशी वाणातही पेनच दिले होते. नंतरही सह्या येत राहिल्या. आता मोजत नाही.

दुकान शेजारच्या गावात हलवता येईल, असे कुणी आपल्याला सुचवेल. शेजारच्या गावातल्या बायका परवा येऊन ट्रंक बघून गेल्या. त्यांनी कुलूप कुठून आणले, ते विचारले.

ट्रंक उघडायची घाई आम्हाला नाही. मतदान लागले की फक्त मुलांना विकणारे दुकान जात नाही, सगळीच दुकाने जातात. महसूलही जातो. आम्ही दारूबंदी मागत नाही, हे पुन्हा एकदा सांगतो. ती आमच्यावर लादली जाऊ नये, एवढे आपण बघा. हो, 'बघा' हा शब्द आपलाच आहे.

चर्चेला बोलावणार असाल तर सगळ्यांना बोलवा. आम्ही सगळे येऊ. खुर्च्या कमी पडतील, त्याची सोय आम्ही करू. बैठक संध्याकाळची ठेवू नये, स्वयंपाकाची वेळ असते.

थर्टी फर्स्टला दुकाने उशिरापर्यंत उघडी ठेवण्याची सवलत दरवर्षी निघते. या रस्त्यापुरती ती घेताना परवानाधारकांनी एकदा गाळामालकाशी बोलून घ्यावे.

हे पत्र आज दुपारी चार वाजता आपल्या आवक-जावक टेबलावर पोचेल. आठजणी घेऊन येतील. पोच लागेल. गोल शिक्का टेबलाच्या डाव्या कप्प्यात असतो, मागच्या वेळी क्लार्कला सापडत नव्हता तेव्हा आम्हीच दाखवला होता. शाई वाळली असेल तर पॅड आणले आहे.